गोस्त्याताच्या गावात: कीव्हचे पाच दिवस

अलिबागच्या इस्रायल आळीजवळ माझं लहानपण गेलं. शेजारच्या ज्यू आजी शनिवारी चूल पेटवत नसत आणि मलिदा केला की आमच्याकडे हमखास ताट यायचं. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळांच्या फोडी. तो एलियाहू हन्नाबी या ज्यू प्रेषिताच्या नावाचा प्रसाद. आजींचं आडनाव आमच्यासारखंच 'कर' लावून यायचं, बोलणं आगरी वळणाचं मराठी आणि देव्हाऱ्याच्या जागी हिब्रू अक्षरांची पाटी. त्यामुळे 'मध्ययुगात एखाद्या स्लाव राजाने ज्यू धर्म घेतला असता तर?' हा प्रश्न पहिल्यांदा वाचला, तेव्हा लोकांना त्यात जितकं अघटित वाटतं तितकं मला वाटलं नाही. भाचा तेव्हा युक्रेनमधल्या विनित्सियाला डॉक्टरकी शिकत होता, त्या निमित्ताने २०१९च्या सप्टेंबरअखेर तो प्रश्न घेऊनच मी कीव्हला गेले.

थोडी पार्श्वभूमी सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही. रुस लोकांचं (कीव्हच्या मध्ययुगीन राज्याची ही प्रजा) जुनं इतिवृत्त सांगतं की ९८६ साली त्यांचा राजा वोलोदिमिर याच्याकडे धर्माचे दूत आले. व्होल्गाकाठचे मुसलमान बुल्गार आले, पोपकडून जर्मन आले, खझार ज्यू (व्होल्गाच्या मुखाशी राज्य केलेले तुर्की लोक, ज्यांच्या राजांनी ज्यू धर्म घेतला होता) आले आणि शेवटी ग्रीकांचा पंडित आला. मुसलमानांना राजाने सांगितलं, रुस लोकांचा आनंदच पिण्यात आहे, त्यावाचून आम्हाला राहवत नाही. ज्यूंना विचारलं, तुमचा देश कुठे? ते म्हणाले, जेरुसलेम. पण देव आमच्या पूर्वजांवर कोपला आणि त्याने आम्हाला देशोदेशी पांगवलं. मग तुम्ही दुसऱ्यांना काय शिकवणार, असं म्हणून राजाने त्यांना वाटेला लावलं. ९८८ साली त्याने ग्रीकांचा ख्रिस्ती धर्म घेतला. त्या दिवशी त्याने दुसरं काही निवडलं असतं तर, ही कल्पना तिथून सुरू होते.

दिवस पहिला, गुरुवार २६ सप्टेंबर

बोरिस्पिल विमानतळावर उतरले आणि क्षणभर वाटलं, आपण चुकून इस्रायलला आलो. काळे लांब कोट, काळ्या टोप्या, कानांजवळ वळवलेल्या बटा, बापाचं बोट धरून चाललेली चार-पाच वर्षांची पोरं. शेकडो माणसं! भाचा घ्यायला आला होता. तो म्हणाला, "मावशी, हे सगळे उमानला चाललेत. ज्यूंचं नवीन वर्ष लागतंय ना रविवारी संध्याकाळी." कीव्हच्या दक्षिणेला दोनशे किलोमीटरवर उमान. तिथे १८१० साली वारलेल्या रब्बी नाखमान यांची समाधी आहे आणि रोश हशानाला, म्हणजे या नव्या वर्षाला, जगभरातून हजारो हसिदी, म्हणजे भक्तिपंथी ज्यू, तिथे जमतात. आपल्या आषाढीची आठवण झाली. तसेच थकलेले, तसेच आनंदी चेहरे.

या गर्दीमुळेच घोटाळा झाला होता. दोन महिने आधी ठरवलेली खोली मालकाने दोन दिवसांवर आल्यावर रद्द केली. भाच्याने धावपळ करून पोदिल भागात जुन्या इमारतीत दुसरी शोधली. पोदिल म्हणजे नदीकाठची खालची पेठ, व्यापाऱ्यांची आणि कारागिरांची. आणि हजार वर्षांपूर्वी इथेच 'कोझारे' नावाची वस्ती होती, म्हणजे खझारांची! मनासारखी जागा आपण होऊन चालत आली.

संध्याकाळी ल्विव्स्का चौकात गेलो. गाड्यांची वर्दळ, ट्रॉलीबसच्या तारा, एक उंच कचेरीवजा इमारत. पाहण्यासारखं काहीच नाही. पण जुन्या कीव्हच्या तटाचं एक दार इथे होतं आणि बाराव्या शतकातल्या नोंदींत त्याचं नाव 'ज्यूंचं दार' असं आहे. सगळ्या शहराने ज्या दाराला ज्यूंचं नाव दिलं, त्या दाराशी वस्तीही तशीच असणार. चौकात कोपऱ्यावर एक बाई सूर्यफुलाच्या बिया विकत होती. पेलाभर घेतल्या आणि सोलत उभे राहिलो.

जाणाऱ्यांसाठी: २०१९ मध्ये भारतीयांना ई-व्हिसा मिळत होता. मेट्रोचं तिकीट तेव्हा ८ ह्रिव्निया होतं, कितीही लांब जा. सप्टेंबरअखेर स्वेटर आणि छत्री दोन्ही लागतं.

दिवस दुसरा, शुक्रवार

सकाळी ऊन होतं. इथले लोक या दिवसांना 'बाबिने लितो' म्हणतात, म्हणजे आजीबाईंचा उन्हाळा. चेस्टनटची पानं कडेने तांबूस झालेली आणि फुटपाथवर टपटप तपकिरी बिया पडत होत्या.

पोदिलहून फ्युनिक्युलरने वर गेलो. टेकडीच्या उतारावर चढणारा हा डबा १९०५ पासून चालू आहे. वर वोलोदिमिरची टेकडी. हातात क्रॉस धरलेला राजाचा काळसर पुतळा (१८५३ मधला) द्नीप्रोकडे पाहत उभा आहे. नदी इतकी रुंद की पलीकडचा काठ धुक्यात होता. इथून जवळच तो पेरुन देवाची मूर्ती पुजत असे. धर्म बदलल्यावर त्याने तीच मूर्ती घोड्याच्या शेपटीला बांधून खाली नदीपर्यंत ओढत नेली आणि बारा माणसांकडून काठ्यांनी बडवली. लोक रडत होते, असं इतिवृत्तात स्पष्ट लिहिलंय. मला ही ओळ फार महत्त्वाची वाटते. धर्म कोणताही निवडला असता तरी त्या दिवशी काठावरचे लोक रडलेच असते.

मी पुतळ्यापाशी बसून इतिवृत्तातला तो संवाद पुन्हा वाचला. त्यात ज्यू म्हणतात, 'आमची भूमी ख्रिश्चनांना दिली गेली.' आता, ९८६ साली जेरुसलेम मुसलमान फातिमी खलिफांकडे होतं. ख्रिश्चनांच्या ताब्यात ते गेलं १०९९ मध्ये, पहिल्या क्रुसेडनंतर. म्हणजे हा संवाद राजाच्या दरबारात झाला तसा टिपलेला नाही, सव्वाशे वर्षांनी कुणा संन्याशाने मठात बसून लिहिलेला आहे. शिवाय दुसऱ्या वर्षी राजाने दहा माणसं बुल्गार, जर्मन आणि ग्रीकांकडे धर्म पाहून यायला पाठवली. खझारांकडे पाठवलीच नाहीत.

का नाही पाठवली, याचं माझ्यापुरतं उत्तर सांगते. खझारांचं राज्य वोलोदिमिरच्याच बापाने, स्व्यातोस्लावने, ९६५ च्या सुमारास मोडलं होतं. मोडलेल्या राज्याचा धर्म घेऊन मिळणार काय? उलट ग्रीक सम्राट दुसरा बॅसिल तेव्हा बंडाने अडचणीत होता. वोलोदिमिरने त्याला सहा हजार लढवय्ये पाठवले आणि बदल्यात सम्राटाची सख्खी बहीण ॲना लग्नात मिळवली. रुसांचा बराचसा व्यापार द्नीप्रोने खाली काळ्या समुद्रात आणि तिथून ग्रीकांच्या राजधानीला, कॉन्स्टँटिनोपलला जाई. म्हणून हा इतिहास पालटायचा तर वोलोदिमिरच्या मनापासून सुरुवात करून भागणार नाही, एक पिढी मागे जावं लागेल. स्व्यातोस्लाव हरायला हवा, व्होल्गाच्या मुखाशी खझारांची राजधानी उभी राहायला हवी.

तिथून 'दशांश चर्च'कडे. ९९६ साली पुरं झालेलं, १२४० मध्ये मंगोलांच्या स्वारीत कोसळलेलं. आता जमिनीवर पायाची आखणी फक्त. एक आजोबा नातवाला त्या रेषेवरून तोल सांभाळत चालवत होते.

मग सोफिया कॅथेड्रल. इथे मात्र दोन तास हललो नाही. वेदीमागच्या अर्धगोलात सोनेरी खड्यांच्या भिंतीवर हात वर करून उभी असलेली मरिया, सहा मीटर उंच. निळं वस्त्र, कमरेला पांढरा रुमाल खोचलेला. घरातली कामं आटपता आटपता प्रार्थनेला उभी राहिल्यासारखी. तिच्या डोक्यावरून कमानीने जाणारी ग्रीक अक्षरं आमच्या गाईड मुलीने वाचून दाखवली: देव तिच्या मध्यभागी आहे, ती ढळणार नाही. हे दाविदाच्या स्तोत्रांतलं वचन, मुळात हिब्रू, मुळात देवाच्या नगरीबद्दलचं. कल्पनेतल्या त्या दुसऱ्या कीव्हमध्ये ही मरिया नसती, कारण मूर्ती-चित्रं वर्ज्य. पण हीच ओळ याच भिंतीवर हिब्रूत शोभली असती. मी डोळे मिटून तशी भिंत पाहायचा प्रयत्न केला. उघडल्यावर मरियाच दिसली आणि ती नसती तर मला चुकचुकलं असतं, हेही खरं.

गाईडने आणखी एक गोष्ट सांगितली. इथल्या भिंतींवर जुन्या भाविकांनी टोकदार वस्तूने कोरलेल्या शेकडो ओळी आहेत. त्यांतल्या एकीत 'देवा, आमच्या कागानाला तार' असं मागणं आहे. कागान ही खझारांच्या राजाची पदवी! राज्य मोडून दोन-तीन पिढ्या झाल्या, ख्रिस्ती धर्म आला, तरी कीव्हचे लोक आपल्या राजाला त्या पदवीने ओळखत होते. वोलोदिमिरलासुद्धा पुढच्या काळात महाधर्मगुरू इलारिओनने प्रवचनात कागान म्हटलेलं आहे.

दुपारी बेसाराब्का मंडईत फिरलो. सालोचे, म्हणजे डुकराच्या पांढऱ्या चरबीचे, लाद्यांसारखे ढीग. विकणाऱ्या मावशी पातळ काप करून सुरीच्या टोकावर पुढे करतात. ज्यू कीव्हमध्ये हा गाळाच नसता, असं मी म्हटलं. भाच्याने ते भाषांतरून सांगितल्यावर मावशींनी छातीवर क्रॉसची खूण केली आणि मला लोणच्याची काकडी फुकट दिली.

शाकाहारींसाठी: बोर्श्ट या बीटच्या सूपमध्ये बहुतेकदा मांसाचं पाणी असतं. 'पिस्नी बोर्श्ट' मागा, तो उपवासाचा, बीट-कोबी-मशरूमचा. वारेनिकी बटाट्याची किंवा चेरीची घ्या. कडेची मुरड आपल्या करंजीसारखी, फक्त उकडलेली.

दिवस तिसरा, शनिवार

चेर्निहिव. उत्तरेला १४० किलोमीटर, मिनीबसने अडीच तास, सबंध वेळ पाऊस. इथलं तारणहाराचं कॅथेड्रल १०३० च्या दशकात वोलोदिमिरच्या मुलाने, म्स्तिस्लावने, बांधायला घेतलं. हाच म्स्तिस्लाव १०२३ साली आपल्या भावावर चालून आला तेव्हा त्याच्या फौजेत खझार होते. म्हणजे राज्य गेलं तरी माणसं होतीच.

या गावाचा एक ज्यू पंडित इत्से बाराव्या शतकात इंग्लंडला पोचला. त्याने एका हिब्रू शब्दाचा अर्थ आपल्याकडच्या स्लाव भाषेतल्या शब्दावरून समजावला आणि ते तिथल्या व्याकरणग्रंथात नोंदलं गेलं. चेर्निहिवचा ज्यू घरात स्लाव बोलत होता, याहून चांगला पुरावा कोणता? पोलंडमध्ये त्याच शतकात राजा म्येश्कोच्या नावाची चांदीची नाणी पाडली, त्यांवर 'म्येश्को, पोलंडचा राजा' हे शब्द आहेत पोलिश आणि अक्षरं हिब्रू. आपल्याकडे मराठी मोडीत लिहीत, तशी स्लाव भाषा हिब्रूत लिहिली जात होती. ज्यू राज्यात ती दरबारची लिपी झाली असती, इतकाच फरक.

भिजून कुडकुडत एका खानावळीत शिरलो. देरुनी म्हणजे बटाट्याची थालिपिठं, वर आंबटसर साय. मालकीणबाईंनी माझे ओले मोजे काढायला लावून स्वतःच हीटरवर वाळत घातले आणि उझ्वारचा, म्हणजे सुक्या फळांच्या सरबताचा, गरम पेला हातात दिला. धुरावलेल्या नासपतीचा तो वास अजून आठवतो.

दिवस चौथा, रविवार

घरी घटस्थापना होती. सकाळी जावेला फोन करून घट बसल्याची खात्री केली आणि लाव्राला गेलो.

१०५१ साली सुरू झालेला हा गुहांचा मठ. बायकांनी डोकं झाकायचं, लांब स्कर्ट किंवा कमरेला वस्त्र हवं. ओढणी बरोबर ठेवा. दाराशी मेणबत्ती घ्यायची, बारीक, पिवळी, मधाचा वास असलेली. ती तर्जनी आणि मधल्या बोटात धरून खाली उतरायचं. बोगदा इतका अरुंद की दोन्ही खांदे भिंतीला लागतात. कोनाड्यांत काचेच्या पेट्या, त्यांत भरजरी वस्त्रांनी झाकलेले संत. इतिवृत्त लिहिणाऱ्यांत ज्याचं नाव घेतात तो नेस्तोर इथेच आहे. माझ्या मेणाचा थेंब अंगठ्यावर पडला, गरम, आणि लगेच थिजला.

या मठाचा थोर संत थेओदोसी. त्याच्या चरित्रात लिहिलंय की तो रात्री उठून गुपचूप ज्यूंच्या वस्तीत जाई आणि त्यांच्याशी येशूवरून वाद घाली. दुसरा निकिता. तो एकांतात बसला आणि सैतानाच्या नादाने त्याला ज्यूंचे सगळे ग्रंथ तोंडपाठ झाले, शुभवर्तमान मात्र तो ऐकूनही घेईना. मग बाकीच्या साधूंनी प्रार्थना करून त्याला सोडवला. ज्या धर्माची ओढ कुणालाच वाटत नाही, त्याबद्दल अशा कथा कोण लिहील? वादच घालायचा तर समोर कुणीतरी तोडीचं लागतं. त्या मठाला आपल्याच शहरात ज्यू दिसत होते.

१११३ मध्ये राजा वारल्यावर गावात दंगल झाली आणि ज्यूंची घरं लुटली गेली, हेही त्याच इतिवृत्तात आहे.

दुपारी बाबिन यार. १९४१ मध्ये २९ आणि ३० सप्टेंबर या दोन दिवसांत जर्मन फौजांनी या घळीत ३३,७७१ ज्यू मारले. आम्ही गेलो ती तारीखही २९. मेनोराच्या, म्हणजे ज्यूंच्या सात फाट्यांच्या समईच्या, आकाराच्या स्मारकापाशी फुलं होती आणि पुष्कळ लहान दगड, ज्यू रीतीने ठेवलेले. लोक येत होते, उभे राहत होते, जात होते. मीही वाटेवरचा एक दगड उचलून ठेवला. 'असं झालं असतं तर' हा माझा चार दिवसांचा खेळ तिथे मला पुढे नेता आला नाही. भाचा म्हणाला, "मावशी, चल, गार वारा सुटलाय." आम्ही चालतच परत निघालो.

दिवस पाचवा, सोमवार

शेवटचा दिवस पोदिलसाठी राखला होता. मी अलिबागहून एक छापील पान प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून आणलं होतं. कैरोच्या जुन्या सिनेगॉगच्या कोठीतून केंब्रिजला गेलेल्या कागदांत १९६२ साली नॉर्मन गोल्ब यांना सापडलेल्या एका पत्राचं ते चित्र. साधारण दहाव्या शतकातलं, कीव्हच्या ज्यू मंडळींनी हिब्रूत लिहिलेलं. कीव्हमध्ये लिहिलेलं आजवर सापडलेलं सर्वांत जुनं पत्र हेच, असं बरेच अभ्यासक मानतात.

त्यात राजा नाही, दूत नाहीत. याकोब नावाचा एक माणूस आहे. त्याच्या भावाने कर्ज काढलं, याकोब जामीन राहिला. वाटेत दरोडेखोरांनी भावाला मारून पैसे नेले. सावकारांनी याकोबला धरून गळ्यात आणि पायांत बेड्या घातल्या. वर्षभर तो तसा राहिला. मग गावच्या ज्यूंनी साठ नाणी भरून त्याला सोडवलं, चाळीस उरली. त्यांच्यासाठी ठिकठिकाणच्या मंडळींनी मदत करावी, असं हे शिफारसपत्र. खाली सह्या. त्यांत एक नाव: गोस्त्याता बार क्याबार कोहेन. गोस्त्याता हे बऱ्याच अभ्यासकांच्या मते स्लाव नाव, बापाचं नाव तुर्की वळणाचं आणि वर कोहेन, म्हणजे ज्यू पुरोहितांचा वंश. कोपऱ्यात तुर्की लिपीत एक शब्द आहे, तो 'मी वाचलं' असा लावतात.

मी हे पान घेऊन सकाळी इलिन्स्का चर्चपाशी उभी राहिले. इमारत सतराव्या शतकाच्या अखेरची आहे, पण संत इलियाचं चर्च पोदिलात ९४५ सालीही होतं आणि इतिवृत्त ते ओढ्यावर, खझारांच्या वस्तीपाशी असल्याचं सांगतं. इलिया म्हणजे एलियाहू, आजींच्या मलिद्याचा एलियाहू हन्नाबीच! ख्रिश्चनांनी आपलं पहिलं देऊळ त्याच्या नावाने बांधलं आणि गल्लीपलीकडे गोस्त्याताच्या घरीही त्याचंच नाव घेत असणार. आमच्या आळीत जे होतं तेच इथे होतं. गावचं नाव, गावची भाषा, आणि देव स्वतःचा. ज्यू स्लाव शोधायला दुसरा इतिहास रचायची गरजच नाही, या पेठेत ते राहत होते. त्यांच्याकडे राजा नव्हता, एवढंच.

श्चेकाव्हित्स्का रस्त्यावरच्या सिनेगॉगपाशी पोचलो तेव्हा आतून शोफार वाजला. मेंढ्याच्या शिंगाचा तो आवाज आधी भरडा येतो, मग लांबत जातो. पहारेकऱ्याने पासपोर्ट पाहिले आणि मला वर बायकांच्या सज्जात जाऊ दिलं. शेजारी लोकरी टोपीतल्या एक आजी होत्या. बाहेर पडताना त्यांनी भाच्याला गाठून मी कोण ते विचारलं. मी सांगितलं, आमच्याकडच्या ज्यूंचा आज 'नव्याचा सण'. त्यांनी शब्द तीनदा म्हणून पाहिला. मग विचारलं, तुमच्याकडचे ज्यू घरात काय बोलतात?

"मराठी," भाचा म्हणाला.

आजींनी पिशवीतून कागदात गुंडाळलेला मधाचा केक काढला, त्याचा तुकडा मोडून माझ्या तळहातावर ठेवला आणि हाताने तोंडाकडे खूण करत उभ्या राहिल्या, मी खाईपर्यंत.